सदरचं ऑल सेंट्स कॅथेड्रल: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी नागपूरच्या मेकोसाबागेत वाढलो. सदरच्या या जुन्या चर्चबद्दल नातेवाईक, ऑफिसातले लोक, आर्किटेक्चरची पोरं असे सगळे मला विचारून राहिले असतात, आणि प्रश्न बहुतेक तेच तेच. दरवेळी फोनवर बोटं झिजवण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकलं. मी इतिहासकार नाही आणि पाद्रीही नाही, पण या इमारतीच्या आजूबाजूनं आयुष्य गेलंय.

नेमकं कोणतं चर्च? नागपुरात तर दोन कॅथेड्रल आहेत ना?

हो, आणि निम्मा घोळ इथूनच सुरू होतो. एक ऑल सेंट्स, सदरमधे, इंडियन कॉफी हाऊसच्या समोर, झाडांच्या मागं. हे प्रोटेस्टंट, मूळचं अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं, आणि आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, ज्याला सगळे सीएनआय म्हणतात. दुसरं सेंट फ्रान्सिस डी सेल्स, म्हणजे आपलं एसएफएस. ते रोमन कॅथलिक, तिथं आर्चबिशप असतात. रिक्षावाल्याला नुसतं 'कॅथेड्रल' म्हटलं तर तो कुठं नेऊन सोडेल सांगता येत नाही. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात वऱ्हाडातले निम्मे पाहुणे एसएफएसला जाऊन बसले होते, तिथंही लग्न सुरूच होतं म्हणून बराच वेळ कोणाला कळलंच नाही.

जाता जाता, ज्या फ्रान्सिस डी सेल्सच्या नावानं ते चर्च आणि ती शाळा आहे, तो जिनेव्हाचा बिशप होता (१५६७ ते १६२२) आणि कॅथलिक लोक त्याला लेखक-पत्रकारांचा आश्रयदाता संत मानतात. त्याच्या नावाचा मिशनरी संघ फ्रान्समधल्या ॲनसी गावचा. म्हणजे एसएफएसवाले फ्रान्सकडून आले आणि ऑल सेंट्सवाले इंग्लंडकडून, दोन वेगळ्या कहाण्या आहेत. इथून पुढं मी फक्त ऑल सेंट्सबद्दल बोलतो.

कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च का?

नाही हो. आकाराचा काही संबंध नाही. ज्या चर्चमधे बिशपची खुर्ची असते ते कॅथेड्रल. ग्रीकमधे 'कथेद्रा' म्हणजे आसन, त्यावरून आलेला शब्द. आपल्याकडं गादी म्हणतात ना, तसंच, मठ लहान असो की मोठा, गादी जिथं आहे ते मुख्य ठिकाण. लोक लांबून येतात, मुंबई-कोलकात्याची कॅथेड्रल पाहिलेली असतात, आणि इथं येऊन म्हणतात 'एवढंच?' तर हो, एवढंच. हे मुळात एका छोट्या सिव्हिल स्टेशनचं, म्हणजे साहेब लोकांच्या वस्तीचं, साधं चर्च होतं, कॅथेड्रल ते नंतर झालं. १९०३ मधे नागपूरला बिशप आले तेव्हा.

किती जुनं आहे?

१८५१ चं. हा आकडा सगळे पाठ म्हणून दाखवतात, पण त्याचा अर्थ काय ते कोणी थांबून पाहत नाही, म्हणून जरा सांगतो.

१८५१ मधे नागपूर इंग्रजांचं झालेलं नव्हतं. म्हणजे १८१७ ला सीताबर्डीची लढाई होऊन गेली होती, खरी ताकद रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या हातात होती, कामठीला १८२१ पासून छावणी होती, हे सगळं खरं. पण महालात गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. ते डिसेंबर १८५३ मधे वारले, मुलगा नव्हता, आणि १८५४ मधे डलहौसीनं राज्य खालसा केलं. म्हणजे हे चर्च उभं राहिलं तेव्हा ते भोसल्यांच्या राज्यात, रेसिडेन्सीच्या आसऱ्यानं उभं राहिलं. रेल्वे नव्हती, ती १८६७ ला आली. मध्य प्रांत नव्हता, तो १८६१ ला झाला. आज आपण ज्याला सिव्हिल लाइन्स म्हणतो ती साहेबी वस्ती बहुतेक नंतर फुगली.

म्हणून कोणी 'ब्रिटिश राजवटीतलं चर्च' म्हटलं की मी मान हलवतो पण मनात म्हणतो, जरा थांबा ना भाऊ, राजवट चर्चनंतर आली.

कोणी बांधलं? आर्किटेक्ट कोण?

पहिल्या बांधणीशी रिचर्ड सँकी याचं नाव जोडलं जातं. मद्रास इंजिनिअर्सचा अधिकारी, आयरिश, तेव्हा विशीतला पोरगा. बंगळुरूला जाऊन आलेल्यांना सँकी टँक माहीत असेल, तो तलाव याच्याच नावाचा, आणि तिथली लाल रंगाची हायकोर्टाची इमारत, अट्टारा कचेरी, तीही त्याची. त्या काळात आर्किटेक्ट वेगळा, इंजिनिअर वेगळा असं इथं नव्हतंच. जो रस्ते-पूल बांधायचा तोच बॅरेक बांधायचा आणि तोच चर्च. हाती नकाशांची पुस्तकं असायची, बाकी काम गवंडी आणि मिस्त्री लोकांच्या डोक्यावर.

मग मध्य प्रांताची राजधानी झाल्यावर साहेब लोक वाढले, जागा पुरेना, आणि १८७९ च्या वाढीव कामाशी जॉर्ज फ्रेडरिक बॉडली याचं नाव येतं. हा मात्र पक्का आर्किटेक्ट, इंग्लंडातल्या गॉथिक चर्चांच्या कामातला मोठा माणूस, अमेरिकेत वॉशिंग्टनचं जे प्रचंड नॅशनल कॅथेड्रल आहे त्याचा पहिला आराखडा करणाऱ्यांत हाच. म्हणजे वॉशिंग्टन आणि आपलं सदर एका माणसाच्या धाग्यात. मला ही गोष्ट फार आवडते, बायको म्हणते पुरे आता, सगळ्या पाहुण्यांना सांगून झालं.

हे हिस्लॉप साहेबाचं चर्च का?

नाही. हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो, कारण नागपुरात जुना पाद्री म्हटलं की हिस्लॉपच आठवतो.

स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचा, फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा मिशनरी. १८४५ मधे नागपुरात आला, शाळा काढली, आणि धर्माइतकाच दगडांच्या मागं लागलेला माणूस. टाकळी, सीताबर्डी इथले जीवाश्म यानं गोळा केले, हिस्लॉपाइट नावाचं खनिज त्याच्याच नावाचं आहे. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटजवळची जुनी शिळावर्तुळं पाहून परत येताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडून गेला. हिस्लॉप कॉलेज त्याच्या आठवणीत, १८८३ चं.

पण तो प्रेसबिटेरियन, म्हणजे बिशप न मानणाऱ्या स्कॉच पंथाचा, आणि ऑल सेंट्स अँग्लिकन. आज बाहेरच्या माणसाला हा फरक म्हणजे काहीच वाटत नाही, तेव्हा मात्र वेगळा पैसा, वेगळा पाद्री, वेगळी उपासना. अँग्लिकन पाद्री म्हणजे चॅपलेन, हे तर सरकारी पगारावर असायचे, कलेक्टर-जज यांच्यासारखेच. हिस्लॉपसारखे मिशनरी लोक सरकारी नव्हते, त्यांना स्कॉटलंडातल्या मंडळ्या पैसे पाठवायच्या. तेव्हा सरकारी चर्चमधे कोण बसायचं आणि मिशनच्या चर्चमधे कोण, हे समजून घ्या. आपली मराठी माणसं बहुतेक मिशनकडं. आमची आजी त्याच स्कॉच मिशनच्या घरातली, ती ऑल सेंट्सला कायम 'साहेबांचं चर्च' म्हणायची. हे दोन्ही एक कसे झाले ते खाली १९७० मधे येईल.

'बिशप ऑफ छोटा नागपूर' म्हणजे इथलेच ना?

नाही नाही नाही. छोटा नागपूर म्हणजे रांचीकडं, आता झारखंडात. तिथलं अँग्लिकन बिशपपद १८९० चं, आपल्याच्या आधीचं, आणि त्यांचं कॅथेड्रल रांचीचं सेंट पॉल्स. मी स्वतः एकदा फॅमिली ग्रुपवर रांचीच्या कॅथेड्रलचा जुना फोटो 'आपलं सदर, पाहा केवढी मोकळी जागा होती' म्हणून टाकला होता आणि दोन दिवस सगळे हळहळत होते, मग धाकट्या काकांनी पकडलं.

गंमत अशी की नागपूरचे पहिले बिशप एअर चॅटर्टन (१९०३ ते १९२६) आधी खरंच छोटा नागपूर भागात होते, हजारीबागच्या डब्लिन युनिव्हर्सिटी मिशनमधे. म्हणजे घोळ होण्यासारखंच आहे. त्यांनी पुढं गोंडवनाच्या इतिहासावर पुस्तकही लिहिलं.

कमानी अशा टोकदार का?

गॉथिक म्हणून, असं उत्तर कुठंही मिळेल, पण त्यानं काही कळत नाही. मला एका म्हाताऱ्या गवंड्यानं, जे आमच्या घराचं काम करायला यायचे, पाटीवर खडूनं काढून दाखवलं होतं, तेच सांगतो.

अर्धगोल कमान घ्या. दरवाजा १० फूट रुंद असला तर कमान ५ फूटच उंच होणार, कारण अर्धं वर्तुळ आहे, दुसरा इलाजच नाही. आता शेजारची कमान ६ फूट रुंद हवी असली तर ती ३ फूट उंच होते, म्हणजे दोन्हींचे माथे एका रेषेत येत नाहीत, बेढब दिसतं. टोकदार कमान म्हणजे दोन वर्तुळांचे तुकडे मधे भेटवलेले. ती त्याच रुंदीत उंच करा, बसकी करा, तुमच्या हातात आहे. वर रुंद-अरुंद सगळ्या कमानींचे माथे एका रेषेत आणता येतात. दुसरं म्हणजे वजन. वरून येणारा भार कमानीत शिरला की तो खाली जाता जाता बाजूलाही ढकलतो. अर्धगोल कमान बाजूला जास्त ढकलते, टोकदार कमान भार जास्त करून सरळ खाली सोडते. तरी थोडा धक्का उरतोच, म्हणून भिंतीला बाहेरून ठराविक अंतरावर दगडी धिरे दिलेले असतात, पुस्तकात ज्याला बट्रेस म्हणतात. खालून जाड, वर जाता जाता पायरीसारखे कमी होत गेलेले. एखादी भिंत कललीच तर आपण बांबूचा टेकू देतो, तेच, फक्त आधीच विचार करून आणि दगडात.

आणि टोकदार कमान गोऱ्यांनी आणली असं काही नाही बरं. आपल्या औरंगाबादच्या बिबी का मकबऱ्यात जाऊन पाहा, तीच आहे. मुसलमानी बांधकामात ती युरोपच्या आधीपासून. गवंडी लोकांना त्यात नवीन काहीच नव्हतं, साहेब नकाशा घेऊन आला तेव्हा ते मनात हसलेही असतील.

मे महिन्यात आत एवढं गार कसं लागतं?

जाड भिंती, उंच छत आणि कमी उघडी भिंत. दगडाची जाड भिंत तापायला पूर्ण दिवस घेते, आणि ती तापून आत पोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. गरम हवा वर छताखाली जाऊन बसते, आपण खाली बसलेलो.

इथं गॉथिकची एक अडचण सांगतो. ही शैली मूळची ढगाळ, थंड देशातली, तिथं भिंत कमी आणि काच जास्त हवी असते कारण उजेडच मिळत नाही. नागपूरला ४५ डिग्रीत तसं केलं असतं तर लोक प्रार्थनेच्या आधीच स्वर्गात गेले असते. म्हणून हिंदुस्थानातल्या अशा चर्चांत खिडक्या अरुंद, खोल बसवलेल्या, उतरती छपरं, दाराला पुढं पोर्च. म्हणजे कपडा इंग्रजी, शिवण इथली.

आत गेल्यावर पाहायचं काय?

लोक आत जातात, वर पाहतात, 'वा' म्हणतात, एक सेल्फी, बाहेर. त्यापेक्षा असं करा.

आधी दाराजवळच थांबा आणि बाप्तिस्म्याचं कुंड शोधा. दगडी किंवा संगमरवरी, उभ्या खांबावर भांड्यासारखं. अशा चर्चमधे ते परंपरेनं दाराशी असतं, वेदीजवळ नाही, कारण बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश, मग तो प्रवेशाच्या जागीच. माझा धाकटा भाऊ अशाच एका कुंडात रडून रडून निळा पडला होता म्हणे, अजून त्याला चिडवतात.

मग मधल्या वाटेनं पुढं चाला. बाकांची ही जागा म्हणजे नेव्ह. शब्द लॅटिन, अर्थ जहाज. मान वर करून छताकडं पाहिलं तर उलटं ठेवलेलं गलबत दिसतं का पाहा, अशा चर्चांत छत पेलणाऱ्या लाकडी कैच्या असल्या तर हमखास दिसतं, पोरांना दाखवा, त्यांना लगेच दिसतं, मोठ्यांना वेळ लागतो. पुढं दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखे भाग असतात ते ट्रान्सेप्ट, त्यानं वरून पाहिलं तर क्रुसाचा आकार होतो. त्यापुढं दोन-चार पायऱ्या चढून चान्सेल, गायकवृंदाची जागा, आणि शेवटी वेदी. वेदी परंपरेनं पूर्वेला. आपल्याकडं देवघर पूर्वेला तोंड करून, तसंच काहीसं, पुनरुत्थानाची पहाट म्हणून. त्यामुळं सकाळच्या उपासनेला वेदीमागच्या खिडकीतून ऊन येतं. सकाळी साडेआठच्या सुमारास जाल तर ते ऊन समोरच्या बाकावर बसलेल्याच्या शर्टावर निळं-लाल होऊन पडलेलं असतं आणि हळूहळू सरकत जातं. लहानपणी प्रवचन किती लांबलं ते मी त्या डागावरून मोजायचो, समोरच्या काकांच्या एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला की समजायचं आता आटोपलं.

आणि बिशपची खुर्ची, ती पाहायला विसरू नका, तिच्याचमुळं तर याला कॅथेड्रल म्हणायचं.

रंगीत काचा रंगवलेल्या असतात का?

बहुतेक रंग हा काचेच्या आतच असतो. काच वितळवतानाच धातू घालतात, कोबाल्टनं निळी, तांबं किंवा सोन्यानं लाल. मग आकारानुसार तुकडे कापायचे, चेहरे-वस्त्रांच्या चुण्या गडद रंगानं रेखून भट्टीत भाजायच्या, आणि सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे. पिवळ्याची गंमत वेगळी, चांदीचा क्षार काचेच्या मागून लावून भाजला की पिवळा डाग पडतो.

शिसं मऊ असतं. शंभर वर्षं ऊन खाल्लं की वजनानं खिडकी पोटासारखी पुढं येते. अशी फुगलेली खिडकी कुठंही दिसली तर बोट लावून पाहू नका, एवढी एक विनंती.

भिंतीवरच्या पाट्यांवर काय लिहिलंय?

जुन्या इंग्रजी चर्चांतल्या पितळी आणि संगमरवरी पाट्या म्हणजे त्या गावाचा अर्धा इतिहास. साचा ठरलेला असतो, 'यांच्या पवित्र स्मृतीस', मग नाव, पलटण किंवा खातं, कशानं गेले, वय, आणि शेवटी पाटी कोणी लावली. वयाकडं लक्ष द्या. पटकी, ताप, ऊन लागणं, घोड्यावरून पडणं, आणि वय बावीस, सव्वीस, एकोणतीस. बायकांचं बाळंतपणात. मी शाळेत असताना या पाट्या म्हणजे बढाई वाटायची, आता माझी पोरगी चोवीसची आहे आणि वाचवत नाही.

१९७० मधे इथं नेमकं काय झालं?

हाच खरा प्रश्न, आणि हाच कोणी विचारत नाही. कमानी, काचा सगळं ठीक, पण या इमारतीचं नाव जगातल्या चर्चच्या इतिहासात आहे ते या एका दिवसामुळं.

२९ नोव्हेंबर १९७०, रविवार. नागपूरला, या कॅथेड्रलच्या आवारात, सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. सहा म्हणजे कोण तर अँग्लिकन, ज्यांचं तेव्हाचं नाव चर्च ऑफ इंडिया, पाकिस्तान, बर्मा अँड सिलोन, मग युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, उत्तर भारतातल्या बॅप्टिस्ट मंडळ्या, चर्च ऑफ द ब्रदरन, डिसायपल्स ऑफ क्राइस्ट, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट. बोलणी सुरू झाली होती १९२९ मधे. एक्केचाळीस वर्षं! दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडिया १९४७ मधेच, सप्टेंबरात, मद्रासला होऊन गेलं होतं, उत्तरेला तेवीस वर्षं जास्त लागली.

एवढं अडलं कशावर? दोन मोठ्या गोष्टी. पहिली, बिशप हवेत की नको आणि एकाच्या पाद्र्याची दीक्षा दुसऱ्यानं मानायची की नाही. दुसरी, बाप्तिस्मा. अँग्लिकन, प्रेसबिटेरियन लोक तान्ह्या बाळाला देतात. बॅप्टिस्ट म्हणतात बाळाला काय कळतं, मोठं होऊन स्वतः विश्वास कबूल केला तरच, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून. यावर तोडगा असा निघाला की नव्या चर्चमधे दोन्ही पद्धती चालतील. ऐकायला सोपं वाटतं, पण ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी या एका मुद्द्यासाठी घरं सोडली होती त्यांना हे गिळायला किती जड गेलं असेल विचार करा.

आता वर जो हिस्लॉपचा धागा सोडला होता तो पकडा. स्कॉच मिशनच्या मंडळ्या १९२४ मधे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या होत्या. म्हणजे २९ नोव्हेंबरला हिस्लॉपच्या परंपरेची मराठी माणसं आणि 'साहेबांचं चर्च' एकाच छत्रीखाली आले. आमची आजी त्या दिवशी गेली होती, नऊवारी नेसून, डब्यात पुऱ्या घेऊन. ती सांगायची की कोण कुठल्या भाषेत प्रार्थना करून राहिलं काही समजत नव्हतं, फक्त 'आमेन' सगळ्यांचं एक होतं, तेवढं ती जोरात म्हणायची.

आजोबा गेले नाहीत. ते मेकोसाबागेचे, मेथडिस्ट. मेकोसा हा शब्दच मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च ऑफ सदर्न एशिया याची इंग्रजी आद्याक्षरं जोडून झालाय, निम्म्या नागपूरला वाटतं हे कोण्या बाईचं नाव आहे. अमेरिकन परंपरेतले हे मेथडिस्ट बोलण्यांमधे वर्षानुवर्षं होते आणि अगदी शेवटी, १९७० मधेच, बाहेर राहायचं ठरवलं. त्यामुळं आमच्या घरात आजी सीएनआय आणि आजोबा मेथडिस्ट, रविवारी एकाच रिक्षात बसून निघायचे आणि दोन ठिकाणी उतरायचे. आजोबा म्हणायचे, 'देशाची एकी झाली, आमच्या घराची राहिली.' आजी म्हणायची, रिक्षा तर एकच आहे ना.

नागपूरच का निवडलं असेल? माझं मत विचाराल तर देशाच्या मधोमध, सगळ्या गाड्या इथून जातात, कोणालाच फार लांब नाही. १९२० चं काँग्रेसचं अधिवेशनही इथंच झालं होतं.

मराठी उपासना आणि मराठी गाणी यांचा या सगळ्याशी काय संबंध?

बाहेरच्यांना वाटतं चर्चमधे सगळं इंग्रजी. मराठी मंडळ्यांमधे पेटी-तबल्यावर अभंग आणि ओव्या गातात, आणि त्यातले कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. टिळकांचा आणि नागपूरचा संबंध पक्का आहे, ते इथं अप्पासाहेब बुटींकडं संस्कृत ग्रंथांच्या कामाला होते. १८९३ मधे नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या माणसानं त्यांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला, तिथून पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १८९५ मधे मुंबईला बाप्तिस्मा. नागपूर स्टेशनवर 'फलाट क्रमांक' ऐकू आलं की मला तो डबा आठवतो, उगीच.

हायकोर्टाची इमारत पण चर्चवाल्यानंच बांधली म्हणे?

अफवा वाटते पण बरोबर आहे, नागपूर हायकोर्टाचे (१९४०) आर्किटेक्ट हेन्री मेड, आणि दिल्लीतलं राष्ट्रपती भवनाजवळचं कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्पशनही त्यांचंच. ऑल सेंट्सशी मात्र याचा संबंध नाही.

जुन्या चर्चची दुरुस्ती करताना काय चुकतं?

सिमेंट. बस, एक शब्दात उत्तर संपलं, तरी सांगतो.

जुनी दगडी बांधकामं चुन्याची. चुना घाण्यात मळायचा, त्यात गूळ, बेलफळाचं पाणी असं घालायचं, आणि तो हळूहळू वर्षानुवर्षं घट्ट होत जातो. चुना श्वास घेतो, म्हणजे भिंतीत मुरलेलं पाणी दर्जांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमधून, बाहेर पडतं. सिमेंटनं दर्जा भरल्या की ते तोंड बंद होतं, मग पाणी दगडातून वाट काढतं आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. आमच्या भागातल्या एका जुन्या चर्चमधे, नाव नाही सांगत, मंडळींनी हौसेनं वर्गणी काढून आतून ऑइलपेंट मारला, पिस्ता रंगाचा. दोन पावसाळ्यांत भिंतीला फोड आले, बोटानं दाबले की पाणी. त्या वर्गणीत माझेही पाचशे होते.

नागपूरच्या जुन्या इमारतींत दगड दोन तऱ्हेचे भेटतात, पश्चिमेकडचा काळा बसाल्ट आणि कामठी-सिलेवाडा बाजूचा वाळूचा दगड. हात फिरवून पाहा. वाळूच्या दगडाचे कण बोटाला लागतात, बसाल्ट गुळगुळीत किंवा बारीक छिद्रांचा. वाळूच्या दगडाला सिमेंट जास्त त्रास देतं.

मी ख्रिश्चन नाही, गेलो तर चालेल का?

चालेल. उपासना सुरू असेल तर मागच्या बाकावर बसा, मधे फिरू नका. चपला दारात काढलेल्या दिसल्या तर काढा, नाहीतर नको. लोक उठले की उठा, बसले की बसा, कोणी पाहत नाही. प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस द्यायची वेळ आली की ओळीत जाऊ नका, जागेवरच थांबा, त्यात अपमान काही नाही. फोटो विचारून काढा, आणि लग्न सुरू असेल तर फोटोग्राफरच्या मधे येऊ नका, तो ओरडतो.

२४ डिसेंबरच्या रात्री जायचं असेल तर गाडी नेऊ नका, सदरमधे पार्किंग नावाची गोष्ट त्या दिवशी नसते. एरवी रिकाम्या चर्चमधे बसायचं असेल तर आठवड्यातला मधला दिवस बरा. दार बंद दिसलं तर आवारात कोणाला तरी विचारा, उघडून देतात. आणि नाहीच उघडलं तर समोर कॉफी हाऊस आहेच, खिडकीजवळचं टेबल मिळालं तर तिथं बसून वाट पाहा.

'ऑल सेंट्स' म्हणजे नेमके कोणते संत?

सगळे. नावाचे आणि बिननावाचे. त्यांचा सण १ नोव्हेंबरला असतो, आजी त्या दिवशी यादी वाचल्यासारखी घरातल्या गेलेल्या सगळ्यांची नावं घ्यायची आणि आजोबांचं नाव मेथडिस्ट असून शेवटी जोडायची.